धातूंशी ओळख : वाचकांचे प्रश्न
शिशाच्या गोळ्या घरी ओतताना

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं शिशाबद्दलची आहेत, आणि त्यातलीही बरीचशी नेमबाजीसाठी घरी गोळ्या ओतणाऱ्यांची. माझी नोकरी टाइप फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत गेली. छापखान्याचे खिळे ओतायला जी मिश्रधातू लागते तिचे नमुने तपासणं हे माझं काम होतं. गोळी आणि खिळा यांचं शिसं जवळजवळ सारखं वागतं, म्हणून हा अंक पूर्ण शिशालाच दिला आहे.

प्रश्न : ताई, माझे यजमान नेमबाजी करतात आणि गोळ्या स्वतः ओततात. स्वयंपाकघरातलीच शेगडी, एक जुनी कढई, खिडकी उघडी, पंखा चालू. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. धुराबद्दल बोलले की ते म्हणतात, शिसं 1749 अंशांना उकळतं, आपण 400 च्या वर जातच नाही, मग वाफ येणार कुठून? आमच्यापैकी कोणाचं खरं?

उत्तर : वाफेपुरतं त्यांचं खरं आहे. बाकी सगळं तुमचं.

शिसं 327 अंशांना वितळतं आणि 400 च्या आसपास त्याची वाफ अगदीच नगण्य असते. पुढे मात्र ती भराभर वाढते. दर शंभर अंशांना कित्येक पटींनी. म्हणून तापमान मोजल्याशिवाय ‘400 च्या वर जात नाही’ असं म्हणता येत नाही. उघड्या आचेवरच्या कढईत थर्मामीटर नसेल तर आतलं शिसं 380 वर आहे की 520 वर, हे डोळ्यांना कळत नाही. दोन्हीकडे ते सारखंच चकाकतं.

पण माझी खरी काळजी वाफेची नाही. वितळलेल्या शिशाकडे नीट बघा. झाऱ्याने वरचा थर बाजूला सारला की खालचा पृष्ठभाग क्षणभर लख्ख दिसतो. लगेच त्यावर पिवळसर, मग जांभळी झाक फिरते आणि बघता बघता करडी साय धरते. ही साय म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झालेलं शिसं, त्यात थोडे धातूचे कण. ती काढून बाजूला टाकली की गार होते आणि चिमटीत धरली तर पीठ होते. ते पीठ बोटांच्या रेषांत बसतं, नखांखाली बसतं, झाडलं तर उडतं. गोळ्या ओतणाऱ्याच्या पोटात शिसं जातं ते मुख्यतः याच वाटेने, हातावरून तोंडात. तुमच्या घरी ही मळी ओट्यावर पडते, शेगडीच्या बटणांना लागते, हात पुसायच्या फडक्याला लागते आणि पंख्याने जमिनीवर पसरते. त्याच जमिनीवर मुलगी खेळते आणि तोच हात तोंडात घालते.

लहान मुलांच्या बाबतीत हिशेबच वेगळा असतो. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या रक्तात उतरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतलं दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात आईच्या हाडांतलं जुनं शिसं पुन्हा रक्तात येऊन बाळापर्यंत पोचू शकतं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी ज्ञात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये मुलांसाठी दखल घेण्याची पातळी एक डेसीलीटर रक्तात 5 मायक्रोग्रॅमवरून 3.5 वर आणली. लक्षणं दिसायची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण या पातळीला मूल वरून ठणठणीतच दिसतं आणि नुकसान मेंदूच्या वाढीचं होत असतं.

तेव्हा काय करायचं ते सांगते. शिसं स्वयंपाकघरातून आजच बाहेर काढा. ती कढई, पळी, झारा पुन्हा अन्नाला लागता कामा नये, कितीही घासलं तरी. ओट्याची आणि जमिनीची सफाई ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने करा, फडकी टाकून द्या. झाडू मारू नका आणि घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही फिरवू नका, तो बारीक धूळ मागच्या बाजूने हवेत सोडतो. तिघांची रक्ततपासणी करून घ्या. तपासणी शिरेतून रक्त घेऊन झालेली बरी, कारण बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळू शकतं आणि आकडा खोटा येतो.

यजमानांना छंद सोडायला सांगू नका, जागा बदलायला सांगा. उघड्यावर किंवा घरापासून वेगळ्या शेडमध्ये, वारा आपल्या पाठीकडून किंवा बाजूने येईल असं बसायचं. कपडे आणि बूट त्या कामाचे वेगळे, तिथेच उतरवायचे, कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता धुवायचे. कामाच्या जागी खाणं, पिणं, विडी, तंबाखू काही नाही. आमच्या फाउंड्रीत ओतकामाच्या खोलीत जेवणाचा डबा नेऊ देत नसत. मुकादम त्या एका नियमावर अडून बसायचे आणि मला ते फार योग्य वाटायचं. काम संपल्यावर हात साबणाने, नखांना ब्रश लावून धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं तिथेच राहतं. आणि मुलीला उचलून घ्यायचं ते आंघोळ झाल्यावर.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून द्या. बंदिस्त नेमबाजी केंद्रातही शिसं अंगावर येतं. बऱ्याच काडतुसांच्या टोपीत पेट घेणारं रसायन शिशाचंच असतं, लेड स्टिफनेट, आणि प्रत्येक बाराबरोबर त्याचा धूर तोंडासमोर येतो. त्यामुळे रक्तातला आकडा जास्त आला तर तो केवळ ओतकामाचा असेल असं नाही. दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

प्रश्न : माझ्या गोळ्यांवर सुरकुत्या पडतात आणि बुडाची कड धारदार न येता गोलसर येते. शिसं आणखी तापवून पाहिलं, फरक पडत नाही. साचा अ‍ॅल्युमिनियमचा, नवा आहे.

उत्तर : शिसं तापवू नका, साचा तापवा. थंड साच्यात शिसं शिरताक्षणी कडेला गोठतं, मागून येणारं त्यावर घडी घालून बसतं, तीच सुरकुती. साचा भांड्याच्या काठावर ठेवून गरम होऊ द्या, मग एकामागून एक न थांबता ओतत राहा. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्याच निघतील. त्या बघत बसू नका, सरळ परत भांड्यात टाकायला बाजूला ठेवा, कारण प्रत्येक गोळी न्याहाळत बसलात की तेवढ्यात साचा पुन्हा गार होतो. लय लागली की गोळ्या सुधारतात.

साचा नवा आहे म्हणता, तर तेलाचाही संशय घ्या. कारखान्यातून येताना साच्याला गंज किंवा ओरखडे येऊ नयेत म्हणून तेल लावतात. ते पोकळीत राहिलं तर त्याचा वायू होतो आणि शिसं भिंतीला टेकत नाही. साबण, गरम पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन स्वच्छ धुवा, आणि पूर्ण कोरडा करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

तिसरं कारण कथलाचं. शुद्ध शिशाचा पृष्ठताण मोठा असतो, ते साच्याच्या बारीक कोपऱ्यात शिरायला नाखूष असतं. शेकडा दोन कथील टाकलं की पृष्ठभागावरची साय कमी धरते आणि धातू कोपऱ्याकोपऱ्यात पोचते. दोनाच्या वर फारसा उपयोग नाही, नुसतं महाग कथील वाया जातं. भांड्याचं तापमान 370 ते 400 च्या दरम्यान असू द्या. त्याच्या बरंच वर गेलं तर कथील शिशाच्या आधी जळून मळीत जातं आणि तुम्ही घातलेल्याचा फायदा हातचा जातो.

बुडाची कड गोलसर येते त्यात आणखी एक पाहा. साच्यावरची कापणी पट्टी, जिच्या भोकातून आपण ओततो, ती फार घट्ट आवळलेली असेल तर आतली हवा निघायला वाट नसते. पट्टी स्वतःच्या वजनाने हलेल इतपत सैल करा. ओतल्यावर पट्टीवर धातूचा छोटा ढीग राहू द्या. आतली गोळी गोठताना आक्रसते आणि तेवढी धातू त्या ढिगातून ओढून घेते. ढीग नसेल तर बुडाशी पोकळी राहते आणि वजन केल्याशिवाय ती सापडत नाही.

गोळ्या उलट दिशेने बिघडल्या, म्हणजे बर्फाळ पांढुरक्या दिसू लागल्या, तर साचा जास्त तापला आहे असं समजा. हलका पांढुरकेपणा असेल तर त्या वापरायला हरकत नाही.

प्रश्न : पाण्याचा थेंब शिशात पडला तर खरंच स्फोट होतो का? की ती भीती घालायची गोष्ट?

उत्तर : खरंच होतो, आणि घरच्या ओतकामातला भाजण्याचा सगळ्यात मोठा धोका हाच. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे 1700 पट होतं. थेंब शिशावर वरच्या वर पडला तर तो चरचरत उडून जातो, तेव्हा लोकांना वाटतं, काही होत नाही. पण तोच थेंब शिशाखाली गेला तर वाफेला वर यायला वाटच नसते आणि ती अख्खं भांडं बाहेर फेकते. खाली पाणी जातं ते ओल्या लगडीबरोबर, दवात राहिलेल्या भंगाराच्या फटीतून, धुतलेल्या पळीवरून. म्हणून भरलेल्या भांड्यात थंड भंगार कधीच टाकायचं नाही. आधी ते भांड्याच्या कडेला ठेवून तापवून कोरडं करायचं. भंगार गाळायचं असेल तर ते थंड भांड्यात घालून मगच आच लावायची. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, कातडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि बंद बूट. नायलॉन नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पँटचे पाय बुटांवरून यावेत, बुटांच्या आत खोचू नयेत.

काहीजण गोळ्या कडक व्हाव्यात म्हणून साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत टाकतात. अँटिमनी, म्हणजे शिशाला कडकपणा देणारं ठिसूळ मूलद्रव्य, असलेल्या धातूत त्याचा उपयोग होतो. तसं करायचंच असेल तर बादली भांड्यापासून दूर आणि खाली असावी, शिंतोडा वर पोचणार नाही इतकी. नवशिक्याने हे करूच नये, असं माझं मत आहे.

प्रश्न : चाकांना लावायची वजनं, छापखान्याचे जुने खिळे, गाडीच्या बॅटरीतलं शिसं असं भंगार मिळतं. यातलं काय चालेल?

उत्तर : बॅटरी नको. कुठल्याही भावात, फुकट मिळाली तरी नको. तिच्या पट्ट्यांत आम्ल मुरलेलं असतं, शिशात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम मिसळलेलं असतं. अशा शिशाच्या मळीला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन हे विषारी वायू सुटू शकतात. माणूस त्यांनी मरतो. बॅटरी अख्खीच्या अख्खी पुनर्वापर करणाऱ्यांकडे परत द्यायची.

चाकांची वजनं चांगली, पण त्यांत आता जस्ताची आणि पोलादाची भेसळ खूप असते. युरोपीय संघाने 2005 पासून नव्या गाड्यांवर शिशाची वजनं बंद केली आणि पर्याय म्हणून जस्त आलं. जस्त शिशात विरघळलं तर धातू भांड्यात खिरीसारखी घट्ट होते, साचा भरत नाही, आणि घरच्या साधनांनी ते पुन्हा वेगळं करणं जवळजवळ अशक्य. टाळणं मात्र सोपं आहे. जस्त 419 अंशांना वितळतं. भांडं 350 ते 370 वर ठेवलंत तर शिसं वितळेल, जस्ताचे तुकडे आणि पोलादी चिमटे हलके असल्यामुळे वर तरंगतील. ते झाऱ्याने काढून टाका. इथे थर्मामीटरशिवाय काम नाही. त्याआधीही निवड करता येते. शिशाचं वजन फरशीवर टाकलं तर ठप्प आवाज होतो, जस्ताचं खणकतं. शिशावर नखाने ओरखडा उठतो किंवा सुरीने साल निघते, जस्तावर सुरी घसरते.

खिळ्यांबद्दल मी पक्षपातीपणे बोलणार, कारण ते माझ्या आयुष्याचं काम होतं. लायनोटाइप म्हणजे छपाईची अख्खी ओळ एकदम ओतणारं यंत्र. त्याच्या ओळींत साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असतं. ही मिश्रधातू 240 अंशांच्या आसपास वितळते, पाण्यासारखी वाहते, झटकन गोठते आणि फार आक्रसत नाही. अक्षराची बारीकातली बारीक कड तिच्यामुळेच उठते. तीच गोष्ट गोळीच्या खाचेला लागू आहे. ती आहे तशी वापरू नका, बहुतेक गोळ्यांसाठी ती गरजेपेक्षा कडक आणि ठिसूळ आहे. शुद्ध शिशाचा कडकपणाचा ब्रिनेल आकडा 5 च्या जवळ, तर लायनोटाइपचा 22 च्या जवळ. निम्मं लायनोटाइप आणि निम्मं मऊ शिसं घेतलं तर 92 टक्के शिसं, 6 टक्के अँटिमनी, 2 टक्के कथील हाती येतं, आणि कथील वेगळं घालायची गरजच उरत नाही. हाताने जुळवायचे सुटे खिळे यापेक्षाही कडक असतात, त्यांत अँटिमनी दुपटीच्या आसपास असू शकतं. ते जपून, थोडेथोडेच मिसळावेत. आणि खिळ्यांचा एखादा पूर्ण संच सुस्थितीत मिळाला तर कृपा करून वितळवू नका. हाताने छपाई करणारी माणसं अजून आहेत, त्यांना द्या.

भंगार गाळून झालं की लगडी करा आणि प्रत्येकीवर काय मिसळलं ते लोखंडी खिळ्याने कोरून ठेवा. गार लगडी सगळ्या सारख्याच दिसतात.

प्रश्न : तोंडाकडून भरायच्या जुन्या धाटणीच्या बंदुकीसाठी गोल गोळी कडक धातूची ओतली तर चालेल का?

उत्तर : नाही. तिला शुद्ध मऊ शिसंच हवं. गोल गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून दट्ट्याने नळीत ढकलायची असते आणि मऊ शिसं त्या दाबाने थोडं दबून बसतं. 1840 च्या दशकात फ्रान्सच्या मिनिए यांनी बुडाशी पोकळ गोळी आणली, तिचं तर सगळं गणित मऊपणावर आहे. दारूच्या दाबाने पोकळ बूड फुगतं आणि नळीतल्या पिळदार चरांत रुततं. कडक धातू फुगत नाही.

प्रश्न : पिस्तुलाच्या नळीत शिशाचा थर बसतो. मित्र म्हणतात, गोळी आणखी कडक कर. केली, तर थर वाढला.

उत्तर : गोळीचा व्यास मोजा. नळीतल्या चरांच्या व्यासापेक्षा गोळी किंचित मोठी, इंचाच्या हजाराव्या भागाइतकी, असायला हवी. बारीक असेल तर गरम वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, शिसं खरवडून नेतो आणि नळीला थापतो. कडक केल्याने गोळी दबून फट बुजवायची राहते, म्हणून तुमच्याकडे थर वाढला. व्यास जमल्यावर वंगण बघा. मधमाश्यांचं मेण हा त्याचा जुना आणि खात्रीचा पाया आहे. वेग फार असेल तर बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात.

प्रश्न : गोळीचा साचा विकत घ्यायला परवाना लागतो का?

उत्तर : हे ज्या त्या देशाच्या शस्त्रकायद्यावर आहे. काही ठिकाणी ओतलेली गोळी म्हणजे नुसता धातूचा तुकडा, तर काही ठिकाणी काडतुसाचा कुठलाही भाग आणि तो बनवायचं साधनही दारूगोळ्यातच मोजतात, आणि परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून हेही चालत असेल असं गृहीत धरू नका. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी लेखी विचारा, साचा नंतर.

प्रश्न : घरी गोळ्या ओतण्याची पद्धत किती जुनी आहे?

उत्तर : गोफणीतून मारायच्या शिशाच्या गोळ्या ग्रीक आणि रोमन लोक साच्यात ओतत असत. कित्येकींवर अक्षरं आहेत, शत्रूला उद्देशून शब्दही आहेत. बंदुका आल्यावर साचा हे घरातलंच हत्यार झालं. मला सगळ्यात आवडणारा दाखला अमेरिकेचा आहे. न्यूयॉर्कमध्ये राजा तिसऱ्या जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा अश्वारूढ पुतळा होता. 9 जुलै 1776 रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर जमावाने तो पाडला. त्याचं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला गेलं आणि तिथल्या बायकामुलींनी घरी बसून त्याच्या गोळ्या ओतल्या. हिशेबाचा कागद टिकला आहे, आकडा 42,088 काडतुसांचा. त्या मुलींच्या हातांना लागलेल्या मळीचा विचार मात्र तेव्हा कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

छर्‍यांची गोष्ट वेगळी, ते साच्यात ओतत नाहीत. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी 1782 मध्ये पेटंट घेतलं ते उंचावरून चाळणीतून शिसं खाली पाण्यात सोडण्याचं. पडतापडता थेंब पृष्ठताणाने गोल होतो आणि गोठतो. शिशात थोडं आर्सेनिक घातलं की गोलाई चांगली येते.

प्रश्न : निघालेल्या मळीचं काय करायचं? झाडांच्या कुंडीत टाकली तर?

उत्तर : कुंडीत नको, मोरीत नको, कचऱ्याच्या डब्यातही नको. शिसं मातीत कुजत नाही, तिथेच राहतं.

आधी मळी कमी होईल असं बघा. भांड्यात मेणाचा छोटा खडा किंवा कोरड्या लाकडाचा भुसा टाकून पळीने ढवळा. धूर येईल, पेटेलही, म्हणून तोंड दूर ठेवा. जळणारा कार्बन कथलाचा ऑक्साइड परत धातूत आणतो. हे केल्याशिवाय साय काढून टाकली तर तुम्ही शिशाबरोबर चांगलं कथीलही फेकता. उरलेली कोरडी, करडी पूड झाऱ्याने हळू उचला, आपटू नका, आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा ओलीपासून लांब, मुलांच्या हाताला न येईल असा, वर ठळक अक्षरांत ‘शिशाची मळी, विषारी’. भरला की घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. शिसं गाळणारे कारखानेही मळी विकत घेतात, कारण तिच्यात अजून बरंच शिसं असतं. डबा उघडताना आणि नेताना धुळीचा मुखवटा घाला. साधा कापडी मास्क पुरत नाही, सूक्ष्म कण अडवणारा लागतो.